बुधवारची सकाळ



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दर वर्षी भरते, ते मला आठवीपासून चित्रकला शिकवत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी त्यांनी करून घेतली. तेव्हाची स्थिरचित्रं आणि संकल्पचित्रं मी कधीच विसरून गेलो, पण सरांच्या झोळीतली इंद्रजाल कॉमिक्स लक्षात राहिली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर आम्हा दोघा-तिघांना थांबवून घ्यायचे. वेताळाची एखादी गोष्ट अर्ध्यापर्यंत वाचू द्यायचे आणि ऐन रंगात आली की पुस्तक काढून घ्यायचे. मग कोरा कागद पुढ्यात यायचा. "पुढची चौकट काढ." गोष्टीचा शेवट काय होईल, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना हवी असायची फक्त पुढची चौकट.

आज मी त्या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे. 'क्रमशः' छापून येणारी साहसी चित्रकथा प्रत्यक्षात कशी घडते, हा आजचा विषय. एका साप्ताहिक पुरवणीसाठी सहा वर्षं मी दर आठवड्याला एक पान चित्रकथा काढत होतो, तेव्हा थोडं स्वतःचंही सांगेन. पण मुख्यतः बोलायचं आहे ते ब्रुसेल्सच्या जॉर्ज रेमी या माणसाबद्दल. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्याने टोपणनाव घेतलं, एर्जे. टिनटिनचा जनक तो हाच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुस्तक म्हणून हाती येणारी साहसकथा पहिल्या पानापासून ठरवून लिहिल्यासारखी वाटते. घडताना ती तशी नसते. गेल्या आठवड्याचं पान छापून घरोघर गेलेलं असतं, त्यातली एक रेषही मागे घेता येत नाही. पुढच्या आठवड्याचं पान कोरं असतं. या दोन पानांच्या मधे बसून विचार करायची एक वेगळी रीत असते. चित्रकलेच्या आणि साहित्याच्या चर्चेत आपण तिच्याकडे आजवर पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

वेताळापासूनच सुरुवात करू, कारण तो आपल्या घरातला. इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च 1964 मधला. पण ली फॉकचा वेताळ अमेरिकन वृत्तपत्रांत 17 फेब्रुवारी 1936 पासून रोज एक पट्टी याप्रमाणे येत होता. त्या पहिल्याच कथेत फॉकच्या मनात नायक वेगळा होता. जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषारामी तरुण दिवसा चैन करतो आणि रात्री मुखवटा घालतो, अशी ती कल्पना होती. पट्ट्या छापून येऊ लागल्या आणि गोष्ट चालू असतानाच फॉकचं मन बदललं. त्याने नायकाला शहरातून उचलून जंगलात नेलं, कवटीची गुहा दिली, चारशे वर्षांची वंशपरंपरा दिली. जिमी वेल्स बाजूलाच राहिला. आपण लहानपणी ज्याला अनादि समजत होतो, तो चालता चालता सापडलेला आहे. फॉक आधी सगळं ठरवून बसला असता तर कवटीची गुहा आपल्याला मिळाली नसती.

रोजच्या पट्टीचा एक कायदा असतो. तीन-चार चौकटी. पहिलीत काल काय झालं ते सांगायचं, पण ज्याने काल वाचलंय त्याला कंटाळा येता कामा नये. मधल्या एक-दोन चौकटींत गोष्ट चार पावलं पुढे न्यायची. शेवटच्या चौकटीत दार अर्धवट उघडून ठेवायचं. इंद्रजालसारख्या पुस्तकात या पट्ट्या एकाखाली एक लावल्या, की कालचं सांगणाऱ्या चौकटी उघड्या पडतात. पात्रं उगाच तेच तेच का बोलतात, हे लहानपणी मला कळायचं नाही. सरांनीच दाखवलं. "हा बघ, इथे सोमवार संपला. इथे मंगळवार." त्या दिवसापासून मला पुस्तकात वार दिसू लागले.

आता ब्रुसेल्स. 'ल व्हँतियेम सिएक्ल' नावाचं एक कॅथॉलिक दैनिक होतं आणि मुलांसाठी त्याची गुरुवारची पुरवणी होती, 'ल प्ती व्हँतियेम'. 10 जानेवारी 1929 च्या अंकात टिनटिन आपल्या कुत्र्यासह रशियाच्या गाडीत बसला. एर्जे तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आठवड्याला दोन पानं, काळी-पांढरी. रेषा कच्ची होती, इमारती पुठ्ठ्याच्या वाटायच्या आणि रशियाबद्दलची माहिती जवळजवळ एकाच पुस्तकातून घेतलेली होती. तरी कथा धावत होती. अंक बुधवारी संध्याकाळी विक्रीला यायचा. गेल्या आठवड्यात आपणच टिनटिनला ज्या संकटात टाकलं त्यातून त्याला सोडवायचं कसं, हे पुष्कळदा बुधवारी सकाळपर्यंत आपल्याला ठाऊक नसायचं, असं एर्जेने पुढे सांगितलं आहे.

ही बुधवारची सकाळ मी ओळखतो. माझ्याकडे ती सोमवारची रात्र असायची, कारण मंगळवारी दुपारी पान प्रेसला जायचं. टेबलावर आयव्हरी बोर्ड. निळ्या पेन्सिलीने आखलेल्या नऊ चौकटी, कारण कॅमेरा निळं पकडत नसे, खोडत बसायला लागायचं नाही. बोरू, शाईची दौत, पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली. समोर गेल्या आठवड्याचं छापील पान ड्रॉइंग पिनने टोचलेलं. त्या पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात माझ्या चित्रकथेचा नायक नाथा दोराला लोंबकळतोय आणि वर कोणीतरी दोर कापतंय. कोण कापतंय? मी गेल्या सोमवारी फक्त हात काढला होता. तोंड काढलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आता त्या हाताकडे बघून तोंड शोधायचं. मनगटावर मी नुसती आवडली म्हणून एक पट्टी काढली होती. ती पट्टी कसली? घड्याळाची? जखमेची? अशा एका पट्टीतून माझ्या कथेतला सगळ्यात चांगला खलनायक निघाला आणि दीड वर्ष टिकला. आधी विचार करून मला तो सुचला नसता. काढून ठेवलेली रेष वाचता यायला लागते, तेव्हाच असा माणूस सापडतो.

उजवा खालचा कोपरा. साहसी चित्रकथेतली ही सगळ्यात महाग जागा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून टिनटिन बहुतेक वेळा उजवीकडे धावतो. त्याच्या वाटेत येणारं संकट उजवीकडून डावीकडे येतं, वाचनाच्या दिशेला आडवं. कोपऱ्यात नजर थांबते, कारण पुढे कागदच नसतो. एर्जेने तिथे दार, वळण, अंधार, कोणाचे तरी बूट ठेवायचे आणि बाकीचं वाचकाच्या आठवड्यावर सोडायचं. टिनटिन रशियाहून परतला तेव्हा, 8 मे 1930 रोजी, पुरवणीवाल्यांनी टिनटिनच्या वेषातला एक मुलगा ब्रुसेल्सच्या उत्तर स्टेशनवर खरोखरच गाडीतून उतरवला. त्याला पाहायला लोकांची झुंबड उडाली. सव्वा वर्ष दर गुरुवारी पुरवणी वाचणाऱ्या मुलांनी त्या कोपऱ्यापुढे वाट पाहिली होती, आणि वाट पाहणाऱ्यांचा गोष्टीवर हक्क असतो. ती मुलं तो हक्क घ्यायला आली होती.

पण नुसत्या धावण्यावर किती दिवस निभणार? काँगो झाला, अमेरिका झाली. दोन्ही ठिकाणच्या लोकांबद्दल एर्जेने ऐकीव गोष्टी काढल्या होत्या, काँगोबद्दल तर वसाहतवाल्यांनी सांगितलेल्याच. 1934 साली जाहीर झालं की टिनटिन आता चीनला जाणार. त्यावर ल्यूव्हनमधल्या चिनी विद्यार्थ्यांच्या एका धर्मगुरूने एर्जेला लिहिलं: चीनबद्दल काढणार असाल तर आधी नीट माहिती करून घ्या, नाहीतर माझी मुलं दुखावतील. त्याच्यामुळे एर्जेची ब्रुसेल्सच्या ललित कला अकादमीत शिकणाऱ्या चांग चोंगरेनशी गाठ पडली. दोघं साधारण एका वयाचे. मे 1934 पासून रविवारी भेटायचे. चांगने त्याला चिनी कुंचला हातात धरायला शिकवला, झाड कसं वाढतं ते बघून काढायला सांगितलं, आणि 1931 मध्ये मंचुरियात जपानने रेल्वेवरच्या घातपाताचं निमित्त करून काय केलं तेही सांगितलं.

त्यातून 'द ब्लू लोटस' झालं. ऑगस्ट 1934 ते ऑक्टोबर 1935. शांघायच्या भिंतींवरच्या पाट्या चांगने स्वतःच्या हाताने लिहून दिल्या. बेल्जियमच्या मुलांना त्या वाचता येत नव्हत्या. त्यात जपानी मालावर बहिष्कार घाला आणि साम्राज्यशाहीचा नाश करा अशा घोषणा होत्या. जपानी अधिकाऱ्यांनी ब्रुसेल्समध्ये तक्रार केली. आपल्याकडे विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या होत्या, त्यालाही तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. त्या काळात मुलांच्या एका पुरवणीत, एका परक्या विद्यार्थ्याच्या अक्षरात, बहिष्काराची घोषणा छापून येत होती हे आठवलं की अजून माझ्या अंगावर शहारा येतो.

कारागीर म्हणून मला याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या रविवारांमुळे बुधवारचं स्वरूप बदललं. पुढे काय होणार हे एर्जेला अजूनही आधी पक्कं ठाऊक नसायचं, पण कुठे होणार ते आता ठाऊक असायचं. गल्ली खरी, दिवा खरा, दाराची कडी खरी. नायकाला अशा गल्लीत उभं केलं की गल्लीच काही वाटा सुचवते आणि काही बंद करते. त्यानंतर त्याने फोटो, कात्रणं, यंत्रांची चित्रं गोळा करायला सुरुवात केली, ती आयुष्यभर. 1950 मध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला. चंद्रावर जायच्या कथेसाठी रॉकेटची मोकळी करता येणारी प्रतिकृती बनवून घेतली. आतल्या जिन्यावर उभा असलेला माणूस कोणत्याही बाजूने काढला तरी जिना तिथेच असावा, म्हणून.

त्याच्या पानाची रीत थोडक्यात सांगतो, कारण इथे काही चित्रकलेचे विद्यार्थी आहेत. आधी वहीत टिपणं. मग साध्या कागदावर सगळं पान बारीक, काड्यांच्या माणसांत. मग मोठ्या कागदावर पेन्सिल, आणि ही पेन्सिल शांत नसे. धावणारा माणूस पुन्हा पुन्हा, एकावर एक, रेषांचं रान होईपर्यंत काढायचा. मग वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्या रानातून एकच रेष निवडायची. शाई तिच्यावरच. रंग मूळ पानावर नाहीत. पानाच्या फिकट निळ्या छापावर रंग भरायचे आणि काळी रेष वेगळी त्यावर यायची, म्हणून ती कधी मळत नाही. लोक त्या स्वच्छ रेषेला साधी म्हणतात. तिच्याखाली काय आहे ते एकदा पाहिलं की तो शब्द तोंडात येत नाही.

आता त्या भागाकडे येतो ज्याबद्दल बोलताना मला जड जातं. सप्टेंबर 1939 मध्ये 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड' सुरू झालं. टिनटिन वाळवंटात असताना 8 मे 1940 चा हप्ता छापला गेला. 10 मे रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. वृत्तपत्र बंद पडलं, पुरवणी बंद पडली. पुढचा गुरुवार आलाच नाही. ती कथा पुन्हा उघडली ती सप्टेंबर 1948 मध्ये. मे 1940 ला आठ वर्षांचं असलेलं मूल तोवर सोळा वर्षांचं झालं होतं. मधे त्याने काय काय पाहिलं असेल.

मधल्या काळात एर्जेने जर्मनांच्या ताब्यातल्या 'ल स्वार' दैनिकाच्या पुरवणीत टिनटिन चालू ठेवला. कागद तुटू लागला, पुरवणी आक्रसली, आणि सप्टेंबर 1941 पासून पानाऐवजी रोज एक पट्टी आली. हात त्या पट्टीत तयार झाला, हे कबूल करायला हवं. 'द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज'मध्ये, 1941 च्या जानेवारीत, कॅप्टन हॅडॉक आला. एका बोटीच्या खोलीत दारू पाजून बसवलेला, रडका, केविलवाणा माणूस. तो कायमचा राहायला आलाय याची त्या चौकटीत कुठे खूण नाही. पुढच्या चाळीसेक वर्षांत तोच या मालिकेचा प्राण झाला. पण त्याच काळात, डिसेंबर 1943 मध्ये 'द सेव्हन क्रिस्टल बॉल्स' सुरू व्हायच्या आधी, 'द शूटिंग स्टार'मध्ये न्यूयॉर्कचा एक सावकार ज्यू लोकांच्या विखारी व्यंगचित्रांत काढतात तसा त्याने काढला, आणि तोही त्या शहरात जिथे ज्यू माणसांचे हक्क काढून घेतले जात होते. पुढच्या आवृत्त्यांत सावकाराचं नाव बदललं, त्याचा देश बदलून एक काल्पनिक देश झाला. काँगोतल्या शाळेत टिनटिन मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' शिकवत होता, तिथे 1946 च्या रंगीत आवृत्तीत अंकगणित आलं.

यावर माझं मत स्पष्ट आहे. लेखकाने आपली चूक दुरुस्त करावी. पण दुरुस्तीने जुनं पान नाहीसं होऊ नये. क्रमशः काढणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढतो. कधी वाढतो, कधी घसरतो. पुस्तकाची गुळगुळीत आवृत्ती ती घसरण झाकते. ज्या संग्रहालयांनी नि प्रकाशकांनी मूळ हप्त्यांची पानं जशीच्या तशी छापून ठेवली, त्यांचे मी आभार मानतो. चांगच्या पाट्या आणि तो सावकार एकाच हाताने काढले, हे आपल्याला दिसत राहिलं पाहिजे.

2 सप्टेंबर 1944 ला 'द सेव्हन क्रिस्टल बॉल्स'ची पट्टी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्स मुक्त झालं. एर्जेला अनेकदा अटक झाली, काही काळ त्याचं काम छापायला बंदी होती. दोन वर्षांनी, 26 सप्टेंबर 1946 रोजी, रेमाँ लब्लाँ या प्रतिकार चळवळीतल्या माणसाने 'टिनटिन' नावाचं साप्ताहिकच काढलं. त्यात ती कथा पुढे सरकली.

'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड'चं काय झालं ते मात्र नीट सांगायला हवं, कारण मला तो शिवण उसवून दाखवणारा सगळ्यात सुंदर नमुना वाटतो. 1948 मध्ये एर्जेने ती कथा पहिल्या पानापासून नव्याने काढली. अडचण अशी, की 1939 साली हॅडॉक जन्मालाच आला नव्हता. आणि 1948 च्या वाचकाला हॅडॉकशिवाय टिनटिन चालणार नव्हता. मग एर्जेने काय केलं? हॅडॉकला सुरुवातीला दूर पाठवलं आणि शेवटी एकदम, ऐन वेळी, दारातून आत आणलं. टिनटिन विचारतो, तुम्ही इथे कसे? कॅप्टन सांगायला लागतो, हे अगदी सोपं आहे आणि तितकंच गुंतागुंतीचंही. तेवढ्यात काहीतरी होतं. तो पुन्हा सुरुवात करतो, पुन्हा काहीतरी होतं. पुस्तक संपतं तरी ते सांगून होत नाही. वाचक हसतो. त्या हसण्याखाली आठ वर्षांचा खंड आहे. सांगता न येण्यासारखी एक गोष्ट एर्जेने न सांगताच पानावर ठेवली.

मध्यंतरी त्याची प्रकृती ढासळली. चंद्राच्या कथेत 7 सप्टेंबर 1950 ला हप्ते थांबले ते एप्रिल 1952 पर्यंत. रॉकेट अजून जमिनीवरच होतं आणि ते काढणारा माणूस उठू शकत नव्हता. पुढे 1958 मध्ये त्याला रात्री पांढरीशुभ्र स्वप्नं पडू लागली, सगळं पांढरं, भयाण. झुरिकच्या मनोविश्लेषकाने काम सोडून द्यायचा सल्ला दिला. एर्जेने सल्ला बाजूला ठेवून 'टिनटिन इन तिबेट' काढलं. बर्फात हरवलेल्या चांगचा शोध. खऱ्या चांग चोंगरेनचा पत्ता तेव्हा त्याला ठाऊक नव्हता. दोघं पुन्हा भेटले ते 1981 मध्ये. त्या कथेत खलनायकच नाही. दर आठवड्याला एक पान, आणि कोपऱ्यात बंदूक नाही, दोर कापणारं कोणी नाही. पांढरी जागा आणि तिच्यात एक शोधणारा मुलगा. साहसकथेला इतकं कमी चालतं हे मला त्या पुस्तकाने शिकवलं.

त्याच कथेत टिनटिन आणि कॅप्टन दिल्लीत उतरतात. कुतुबमिनार, लाल किल्ला आणि रस्त्यात बसलेली एक गाय. आणि मुंबईशीही तिचं नातं आहे. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाने एर्जेला दिल्ली-काठमांडूचे फोटो, चित्रफिती पुरवल्या होत्या. आभार म्हणून असेल, त्याने कथेत कोसळणाऱ्या विमानावर त्यांचंच नाव काढलं. कंपनीने कळवलं, आमचं नुकसान होईल. मग विमान 'सारी एअरवेज'चं झालं. शेपटीवरचं भारतीय विमानाचं 'व्हीटी' मात्र राहून गेलं. क्रमशः कथेत अशी जगाची उत्तरं अधल्यामधल्या आठवड्यांत येत राहतात. कादंबरी लिहिणाऱ्याला ती पुस्तक संपल्यावर येतात.

माझ्याकडे उत्तरं पोस्टकार्डावर यायची. एकदा मी नाथाला गुहेत पाठवलं, तिथून भुयाराने नदीकाठी बाहेर काढलं, नावेत बसवलं. तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात कराडजवळच्या एका गावातून तिसरीतल्या मुलीचं कार्ड आलं. मोठं गोल अक्षर, ओळी खाली उतरत गेलेल्या. तिने विचारलं होतं की काळू गुहेच्या तोंडाशी बसलाय, त्याला जेवण कोण देतंय.

मी जुनी पानं काढून पाहिली. नाथा आत जाताना मी कुत्र्याला खरंच बाहेर बसवलं होतं, एका दगडापाशी. आणि मग मी त्याला विसरलो होतो. ती विसरली नव्हती. तीन आठवडे ती रोज त्या कुत्र्याचा विचार करत होती. त्या सोमवारी मी ठरवलेलं सगळं पान बाजूला ठेवलं आणि नऊच्या नऊ चौकटी काळूला दिल्या. पहिल्या चौकटीत दगड आणि कुत्रा. दुसरीत तोच दगड, सावली लांब. तिसरीत पाऊस. चौथीत एक धनगर थांबतो, भाकरी मोडतो. एकही फुगा नाही, एकही शब्द नाही. नवव्या चौकटीत काळू उठून नदीच्या दिशेने चालू लागतो. सहा वर्षांत मी काढलेल्या तीनशेवर पानांतलं ते सगळ्यात चांगलं पान आहे आणि त्याची कल्पना माझी नाही.

1998 च्या पावसाळ्यात एका दुपारी निरोप आला, की पुरवणी पुढच्या आठवड्यापासून बंद. तेव्हा नाथा विहिरीत होता. दोर वर कापलेला, खाली गुडघाभर पाणी, आणि काळू काठावर. संपवायला एक पान तरी द्या म्हणून मी विनंती केली. जाहिराती कमी, कागद महाग, असं उत्तर मिळालं. मला त्यांच्यावर आज राग धरायचा नाही. पण पुढची दोन-तीन वर्षं मी प्रत्येक सोमवारी रात्री बोर्ड काढून बसत होतो आणि एकही चौकट निघत नव्हती. गोष्ट मला ठाऊक होती. नाथा कसा सुटणार, दोर कोणी कापला, सगळं. पण मंगळवारी ते पान न्यायला कोणी येणार नव्हतं आणि गुरुवारी कोणी वाचणार नव्हतं. ठाऊक असलेली गोष्ट काढता येत नाही आणि ठाऊक नसलेली काढता येते, हे मला त्या वर्षांत कळलं. एर्जेही 3 मार्च 1983 रोजी गेला तेव्हा टिनटिनला अडकवूनच गेला. 'आल्फ-आर्ट'च्या कच्च्या पानांत टिनटिनवर पिस्तूल रोखून त्याला खोलीतून बाहेर नेतात, आणि पुढे चौकट नाही. ती पानं 1986 मध्ये तशीच छापली. आपल्यानंतर टिनटिन कोणी काढू नये अशी त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली.

सर आजारी असताना मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्यांनी नाथाचं विचारलं. मी म्हटलं, तो विहिरीतच आहे. ते म्हणाले, "मग पुढची चौकट काढ."

गेल्या महिन्यात मी या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंकडे गेलो आणि बालविभागाबाहेरचा फळा मागितला. दर गुरुवारी संध्याकाळी एक पान लावीन, आठवडाभर राहील, मग पुढचं. त्यांनी हो म्हटलं. पहिलं पान आज दुपारी मी स्वतः टाचण्या मारून लावलंय. मुलांनो, जाताना बघा. विहीर तीच आहे, पाणी थोडं वाढलंय, काठावर काळू उभा आहे आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात विहिरीच्या भिंतीतून एक दगड आतून सरकतोय. दगडामागे कोण आहे ते मी अजून काढलेलं नाही. बुधवारपर्यंत वेळ आहे.